रणगाड्याच्या पाठीवरील टेलिफोन

रणगाडा म्हटला कीं बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें त्याची लांब तोफ व जाड चिलखत हीं उभीं राहतात. त्याच्या पाठीमागें, इंजिनाच्या बाजूस, काडतुसांची एखादी रिकामी पेटी बसविलेली असे आणि तींत एक साधा टेलिफोन ठेवलेला असे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल. दुसऱ्या महायुद्धांत या पेटीनें कित्येक पायदळी शिपायांचे प्राण वांचविले, कांहींचे घेतलेहि.

रणगाडा हा मोठा बलवान, पण जवळजवळ आंधळा आणि पुरता बहिरा प्राणी. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समधील सोमच्या रणक्षेत्रावर ब्रिटिशांनीं तो प्रथम उतरविला, तेव्हां त्याच्या पोटांत आठ माणसें असत आणि इंजिनाच्या गडगडाटांत शेजाऱ्याचा शब्दहि ऐकूं येत नसे. चालक इंजिनाच्या पत्र्यावर ठोके मारी व हातांच्या खुणांनीं मागच्या गिअरवाल्यांस आज्ञा देई. बाहेर निरोप धाडावयाचा तर त्यासाठीं पिंजऱ्यांतून कबुतरें बरोबर घेतलेलीं असत!

पुढें आंतला बहिरेपणा तारेनेंच दूर केला. अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यांतील पांचहि जणांच्या कानांवर श्रवणयंत्रें असत व बोलण्यासाठीं मायक्रोफोन असे. एकाचा शब्द तारेवरून सर्वांच्या कानीं जाई. पण बाहेरच्या माणसाचें काय? तो दोन हातांवर उभा राहून ओरडला तरी आंत पत्ता लागत नसे. बंदुकीच्या दस्त्यानें चिलखतावर ठोठवावें, किंवा सरळ पुढें जाऊन हातवारे करावे, एवढेच मार्ग त्याला उरत. नोव्हेंबर १९४३ मध्यें प्रशांत महासागरांतील तरावा येथें अमेरिकन मरीन सैनिक उथळ पाण्यांतून रणगाड्यांच्या पुढें चालून खड्ड्यांच्या जागा निशाणांनीं दाखवीत होते. त्यांतले पुष्कळजण तेथेंच पडले.

या अडचणीचें खरें स्वरूप १९४४ च्या उन्हाळ्यांत नॉर्मंडीमध्यें दिसून आलें. तेथील प्रत्येक शेताभोवतीं मातीचा उंच बांध आणि त्यावर दाट झाडी. म्हणजे प्रत्येक शेत हा एक किल्लाच. बांधाच्या कोपऱ्यांत लपलेली जर्मन मशीनगन जमिनीशीं पडून राहिलेल्या शिपायास दिसे, पण ती उडविणारी तोफ त्याच्याजवळ नसे. जिच्याजवळ तोफ, त्या गाडीस ती मशीनगन दिसत नसे. बिनतारी यंत्रें दोघांजवळहि होतीं. परंतु पायदळाचें पाठीवरचें यंत्र ४० ते ४८ मेगासायकलवर बोले आणि रणगाड्याचें २० ते २८ वर. एकाच सैन्याचीं, एकाच शेतांतलीं हीं दोन यंत्रें एकमेकांस मुकीं! कागदावर योजना आंखणाऱ्यांना ही गोष्ट आधींच सुचावयास हवी होती.

रणक्षेत्रावरील लोकांनीं यावर काढलेला उपाय अगदीं घरगुती होता. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवींत मावणारा, दोन कोरड्या बॅटऱ्यांवर चालणारा रणांगणावरील नेहमींचा टेलिफोन त्यांनीं घेतला, तो रणगाड्याच्या मागें पेटींत बसविला, आणि त्याची तार आंत नेऊन गाडीच्या बोलण्याच्या तारेस जोडली. लहरी जुळविण्याचा प्रश्नच उरला नाहीं. कालपर्यंत रणगाड्यास हात न लावलेला शिपाईहि रिसीव्हर उचलून बोलूं शके.

बोलणें मात्र नेमकें असावें लागे. "तिकडे, त्या झाडापाशीं" असें म्हणून भागत नसे. आंतल्या माणसाच्या फटींतून झाड दिसेलच असें नाहीं. म्हणून घड्याळाची भाषा वापरीत. गाडीचें तोंड म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन. "दोनकडे, शंभर यार्ड, बांधाचें मूळ" एवढ्यांत काम होई. तोफेचा बुरूज भलतीकडे वळलेला असला तर बारा कोठें धरावयाचे, हें मात्र अगोदरच ठरवून ठेवलेलें बरें!

आणि धोका? बोलणाऱ्यास गोळ्यांच्या वर्षावांत गाडीमागें उभें राहावें लागे. लोखंडी आडोसा समोरून होता, बाजूंनीं नव्हता. टेलिफोनवर उभा असलेला माणूस हुकूम देणारा आहे, हें शत्रूच्या नेमबाजास सांगावें लागत नसे. शिवाय चालकाच्या मनांत आलें आणि गाडी एकदम मागें सरली तर? तीस टनांच्या त्या धुडास मागचा माणूस दिसत नसे. लांब दोरीचा रिसीव्हर असला म्हणजे निदान खालीं वांकून बोलतां येई.

युद्धानंतर ही पेटी अधिकृत झाली. ब्रिटनच्या सेंच्युरियन रणगाड्याच्या मागें पायदळासाठीं टेलिफोन मुळांतच बसविलेला असे. हेच सेंच्युरियन पुढें भारताच्या 'पूना हॉर्स' रेजिमेंटकडे होते. सप्टेंबर १९६५ मध्यें त्यांच्यासह लढतांना, मुंबईंत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना वीरमरण आलें व मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें.

विशेष हें कीं अमेरिका स्वतः हा धडा विसरली. १९८० सालापासून तिच्या सैन्यांत आलेल्या एब्रॅम्स रणगाड्यास असा टेलिफोन नव्हता. मैदानांत वेगानें धांवणाऱ्या गाडीमागें पायदळ कशाला येतें, अशी समजूत. त्यांत टर्बाइन इंजिनाचा कढत झोत मागल्या बाजूसच. पुढें २००३ मध्यें इराकचें युद्ध सुरू झालें आणि हा रणगाडा शहरांच्या गल्ल्यांत शिरला. तेथें छपरें, खिडक्या आणि कोपरे चालणाऱ्या शिपायासच दिसत. तेव्हां गल्लींतील लढाईसाठीं जी सामग्री त्यावर चढविण्यांत आली, तींत जादा चिलखताबरोबर मागल्या बाजूस पुन्हा एक पेटी बसविण्यांत आली, आणि त्या पेटींत टेलिफोन होता.