वाचनालय बांधायच्या आधी कुलूप कोण उघडणार ते ठरवू

आज गटाच्या कर्जाचा किंवा पापडाच्या ऑर्डरीचा विषय नाही. आपल्या गावात नगरपंचायत नवं सार्वजनिक वाचनालय बांधायचं म्हणतेय, त्याबद्दल बोलायचंय. आराखडा अजून कच्चा आहे. एकदा स्लॅब पडला की आपलं म्हणणं ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून आत्ताच बोलतोय.

वस्तीस्तर संघाच्या बैठकांमध्ये आम्ही यावर बरंच बोललो. इमारत कशी उभी राहील याची काळजी कुणालाच नव्हती. इमारतीला निधी मिळतो, फीत कापायला पाहुणेही मिळतात. पण दहा वर्षांनी रोज त्याचं कुलूप कोण उघडणार, विजेचं बिल कोण भरणार, फाटलेली पुस्तकं कोण चिकटवणार, याचा कागद कुठेच नसतो. वर वाचनालयाची पाटी, दाराला गंजलेलं कुलूप आणि आत मंडपाचं सामान, अशी खोली तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल.

आपल्या महाराष्ट्रात वाचनालयं बहुतेक लोकांनीच उभी केली. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. पुढे १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला आणि मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळू लागलं. शेजारच्या कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतात, केरळ आणि तमिळनाडूतही घेतात. आपल्या कायद्यात तसा कर नाही. म्हणजे वाचनालयासाठी ठरलेला, दरवर्षी हमखास येणारा पैसा आपल्याकडे नाही. तो कुठून आणायचा हे आपल्यालाच मांडावं लागणार.

आम्ही ते गटाच्या पद्धतीनं मांडलं. चार-पाच जणी वही घेऊन बसल्या. वाचनालय सांभाळणाऱ्या एका बाईला अर्ध्या दिवसाच्या कामाचे महिन्याला ८,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ९६,०००. वीज आणि इंटरनेट १८,०००. वर्तमानपत्रं-मासिकं १२,०००. नवी पुस्तकं २५,०००. डागडुजी १५,०००. सगळे मिळून १ लाख ६६ हजार. यातलं मानधन फुकट सेवेवर ढकलू या, असं एका बैठकीत सुचवलं गेलं. आम्हाला ते पटलेलं नाही. अंगणवाडी असो, शाळेतला पोषण आहार असो, सेवा म्हटलं की बाईनं कमी पैशात राबायचं हे ठरलेलंच. वाचनालय तरी त्या यादीत नको.

आता जमा. रस्त्याच्या बाजूला दोन छोटे गाळे काढले आणि एकेकाचं भाडं २,५०० धरलं, तर वर्षाला ६०,००० होतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका केली, ३० खुर्च्यांपैकी २० भरल्या आणि महिन्याला ३०० रुपये घेतले, तर ७२,०००. पुस्तक घरी न्यायला घरटी वर्षाला १२० रुपये, अशी १५० घरं धरली तर १८,०००. तिथं बसून वाचणं सगळ्यांना फुकट, आणि मुलांना सगळंच फुकट. एकूण १ लाख ५० हजार. उरले १६,०००. ते नगरपंचायतीनं दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नावानिशी दाखवावेत, ही आपली मागणी. सरकारी अनुदान आम्ही हिशेबात धरलेलंच नाही. मिळालं तर त्याची पुस्तकं घेऊ. आज येईल उद्या येईल अशा पैशावर कुणाचा पगार ठेवू नये.

अभ्यासिकेबद्दल मात्र सावध राहायला हवं. बऱ्याच गावांत वाचनालय म्हणजे अभ्यासिका असंच होऊन बसलंय. पोरं सकाळपासून खुर्च्या धरतात, त्यात त्यांचा दोष नाही, घरी जागा नसते. पण मग चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईला कुणी बसू देत नाही, कारण मूल बोलतं. म्हणून अभ्यासिकेला भिंत वेगळी आणि दारही वेगळं हवं. तिच्या फीवर बाकीचं वाचनालय चालावं, पण तिनं ते गिळू नये.

आणि वेळ! वाचनालयाची नेहमीची वेळ काय असते? सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. आपली पाणी भरायची, डबे करायची, चुलीपुढची वेळ नेमकी तीच. बायका वाचत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आधी ती पाटी वाचावी. आम्ही दुपारी एक ते सहा मागतोय, बाजाराच्या दिवशीसुद्धा. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांसाठी पुढे ओसरी ठेवा, तिथं बाक आणि पेपर. त्यासाठी आतलं दार उघडायची गरज नाही.

दुपारची वेळ म्हटली की ऊन आलंच. आपल्या सोलापूरकडच्या उन्हाळ्यात काचेच्या दर्शनी भिंतीची इमारत म्हणजे भट्टी. चित्रात ती छान दिसते, मग एसी लागतो, मग बिल येतं, मग एसी बंद आणि वाचनालयही बंद. आपल्या जुन्या घरांना जाड भिंती होत्या त्या उगाच नव्हत्या. खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर ठेवल्या की वारा खेळतो, उत्तरेचा उजेड वाचायला चांगला असतो आणि डोळ्यावर येत नाही. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नको, तिकडे जिना किंवा कोठी घ्यावी. पुस्तकावर रोज ऊन पडलं की पान पिवळं पडून तुटतं. साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे आठ तास चालले तर रोज जवळजवळ दीड युनिट वाचतं. वर चार सोलर पॅनल बसवले की दुपारचं वाचनालय बरंचसं त्यावर चालेल.

आपली जमीन काळी आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायला सांगा. पुस्तकं फार जड असतात, त्यांची कपाटं तळमजल्यालाच असू द्या. तळमजला असला की गुडघे दुखणाऱ्या मावशीही येतात, पायऱ्यांच्या बाजूला उतार असला की चाकाच्या खुर्चीतलं माणूसही येतं. कपाट भिंतीला चिकटवू नये, वीतभर सोडावं, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही लागते. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो, पण खरा उपाय म्हणजे पुस्तक हलतं राहणं. हातात फिरणाऱ्या पुस्तकाला कसर लागत नाही.

बायकांसाठी वेगळं, आत पाणी असलेलं स्वच्छतागृह पहिल्या नकाशातच हवं. नंतर करू म्हटलेलं ते कधीच होत नाही.

ग्रंथालयशास्त्रातलं मोठं नाव म्हणजे डॉ. रंगनाथन. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. (आपल्या गटाचीही पंचसूत्रीच आहे, हे ऐकून आमच्या एक आजी फार खूश झाल्या.) त्यांचं एक म्हणणं असं की ग्रंथालय वाढत जातं. म्हणजे एका बाजूची भिंत पुढे खोली जोडता येईल अशी ठेवायची, आणि सगळी कपाटं पहिल्याच वर्षी भरायची नाहीत. रद्दीतली गाईडं आणि जुने अहवाल देणगी म्हणून घेऊन फळ्या भरण्यापेक्षा निम्मी फळी रिकामी बरी.

याच्याही आधी, १९१० च्या सुमाराला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानात गावोगाव फुकट वाचनालयं सुरू केली. गावानं वर्गणी काढली की संस्थान त्यात भर घालायचं. बडोद्यात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. जिथं वाचनालय नव्हतं तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. ती पेटी आम्हाला फार आवडली, कारण ती आपल्याला इमारतीची वाट न बघता करता येते. दर महिन्याला गटाची बैठक होतेच, रजिस्टर असतंच, घेतलेलं परत करायची सवय तर आपल्याइतकी कुणाला नसेल. वीस पुस्तकांची एक पेटी एका गटाकडे महिनाभर, मग पुढच्या गटाकडे. सहा गटांनी आत्ताच होकार दिलाय. सासूबाईंना वाचता येत नसेल तर सुनेनं किंवा नातीनं बैठकीत दोन पानं मोठ्यानं वाचायची.

नगरपंचायतीला द्यायचा अर्ज आम्ही लिहून ठेवलाय. त्यात दुपारची वेळ, स्वच्छतागृह, अभ्यासिकेचं वेगळं दार, दोन गाळे, अंदाजपत्रकातले १६,००० आणि व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका, एवढंच मागितलंय. वहीतला हिशेब सोबत जोडलाय. अर्ज संघाच्या कार्यालयात येत्या शनिवारपर्यंत सहीसाठी ठेवला आहे, दुपारी दोन ते पाच. येताना घरात वाचून झालेलं एखादं चांगलं पुस्तक असेल तर पेटीसाठी घेऊन या. पाठ्यपुस्तकं नकोत.