हिमऋतूतील दाणापाणी : जीवदया आणि यत्नाचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पाखरांना दाणे घालणे ही जैन घरांतील जुनी रीत. अंगणात ज्वारी-बाजरीची मूठ पसरावी, उन्हाळ्यात मातीच्या परळात पाणी ठेवावे, एवढे साधे तिचे स्वरूप. परंतु जेथे अंगणच बर्फाखाली गाडले जाते, तेथे ही रीत कोणते रूप घेते? उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत लक्षावधी कुटुंबे हिवाळाभर परसात पाखरांना दाणे घालतात. त्यांच्या अनुभवातून जीवदयेविषयी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

प्रथम त्या पाखरांची अवस्था पाहू. चिकडी नावाचा काळ्या टोपीचा एक चिमुकला पक्षी तेथे बारमाही राहतो. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दोन-तीन सुपाऱ्यांएवढे. बाहेर पारा शून्याच्या खाली वीस अंश उतरला, तरी या देहाला आपली ऊब टिकवावी लागते. दिवसा त्याचे तापमान सुमारे ४२ अंश सेल्सियस असते. कडाक्याच्या रात्री ते दहा-बारा अंशांनी खाली आणून तो शक्ती वाचवतो. पिसे फुलवून, स्नायू थरथरवत तो रात्र काढतो. दिवसभरात साठवलेली चरबी पहाटेपर्यंत जवळजवळ संपते. शरद ऋतूत सालीच्या फटींतून एकेक बी लपवून ठेवावे आणि पुढे ते नेमके शोधून काढावे, हेही त्याचे कौशल्य. हिवाळ्यातला लहानसा दिवस म्हणजे त्याच्यासाठी पुढच्या रात्रीची तरतूद होय.

त्या परसांतून मुख्यतः काळ्या सालीचे, तेलकट सूर्यफूल बी घातले जाते. सोबत बिनमिठाचे शेंगदाणे. गोल्डफिंच या लहान पक्ष्याला मात्र आणखी एक बारीक काळे बी प्रिय आहे. ते म्हणजे आपले कारळे, ज्याची चटणी महाराष्ट्रात घरोघरी होते! भारतातूनही कारळे तिकडे जातात. सोबत तणाचे बी जाऊन रुजू नये म्हणून ते आधी तापवले जातात. आपल्या डोंगरउतारांवरच्या पिकाला सातासमुद्रांपलीकडच्या पाखरांच्या थाळीत असे स्थान मिळाले आहे.

तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांपुढे मात्र एक प्रश्न उभा राहतो. पाखरांसाठी बाजारात मिळणाऱ्या वड्या बहुधा गुरांच्या चरबीच्या असतात. वाळवलेल्या अळ्याही विकतात. एका जीवाच्या पोषणासाठी दुसऱ्याचा वध कसा चालेल? सुदैवाने सूर्यफूल, शेंगदाणे व कारळे यांतही भरपूर स्निग्धांश असतो, आणि दाणे खाणाऱ्या पाखरांची गरज त्यांवर उत्तम भागते. दया करताना साधनाचीही शुद्धी पाहता येते, ती अशी.

आता मुख्य मुद्दा. हे अन्न खरोखर उपयोगी पडते काय? विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेट ब्रिटिंगहॅम व स्टॅन्ली टेंपल या अभ्यासकांनी चिकडीचा अभ्यास केला. त्यांच्या १९८८ च्या निष्कर्षानुसार, दाणे मिळणाऱ्या पक्ष्यांपैकी ६९ टक्के हिवाळ्यातून तरले. न मिळणाऱ्यांपैकी ३७ टक्के. हा फरक प्रामुख्याने अतिथंडीच्या महिन्यांत दिसला. १९९२ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. जेथे पंचवीस वर्षे दाणे घातले जात होते तेथून ते काढून घेतले, तरी तेथील पक्षी कधीच दाणे न मिळालेल्या पक्ष्यांइतकेच जगले. वन्य पाखरू आपले पोट स्वतः भरू जाणते. माणसाचा दाणा हा त्याला संकटात मिळालेला आधार असतो. दात्याने अहंकार धरू नये, हेच हे आकडे सुचवतात.

परंतु दाण्याने अपायही होतो. १९९४ च्या सुमारास वॉशिंग्टनजवळ हाउस फिंच या पक्ष्यांचे डोळे सुजू लागले. तो जिवाणूजन्य रोग होता, आणि काही वर्षांत तो पूर्व अमेरिकेत दूरवर पसरला. अनेक पाखरे एकाच दाणेपात्रावर टेकतात, तेव्हा पात्रावाटेही त्याचा संसर्ग होतो. भिजलेल्या दाण्यांना बुरशी येते. मोठ्या काचेवर पाखरे आदळून मरतात. दाणे टिपणाऱ्यांवर मांजर झडप घालते. दाणे घालणाऱ्याने यांचा विचार केला नाही, तर दयेच्या हातूनच हिंसा घडते.

म्हणून जाणकार सांगतात : पात्र दोन आठवड्यांतून एकदा तरी धुऊन पूर्ण वाळवावे, खाली पडलेली टरफले झाडावीत, पात्र काचेपासून एक मीटरच्या आत किंवा बरेच दूर टांगावे, आजारी पाखरू दिसताच काही दिवस दाणे थांबवावेत. जैन आचारात यालाच यत्नाचार किंवा यतना म्हणतात. चालणे, बोलणे, वस्तू उचलणे-ठेवणे यांत जी सावधता सांगितली आहे, तीच दाणे घालतानाही हवी.

यत्नाचाराचा पाया म्हणजे पाहणे. अमेरिकेत पूर्वी नाताळात पक्षी मारण्याच्या चढाओढी होत. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचवले की, मारण्याऐवजी पक्षी मोजावेत. त्या नाताळात सत्तावीस जणांनी सुरू केलेली ती गणना आजही चालू आहे. बंदुकीची जागा वहीने घेतली, ही अहिंसेच्या इतिहासात नोंदण्याजोगी घटना होय. पुढे १९८७ च्या हिवाळ्यापासून 'प्रोजेक्ट फीडरवॉच' या उपक्रमात घरोघरचे लोक आपल्या परसातील पाखरे मोजून नोंदी पाठवू लागले. हाउस फिंचचा रोग कोठवर पोहोचला, हेही अशाच सामान्य निरीक्षकांच्या नोंदींतून कळले. खिडकीपाशी बसलेली आजी आणि तिचा नातू शास्त्राला साहाय्य करतात, ते असे.

हा विषय दूरदेशीचा वाटला, तरी प्रश्न घरचाच आहे. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा एकीकडे जीवदयेची परंपरा होती, दुसरीकडे शेजाऱ्यांच्या आरोग्याची चिंता. दोन्ही बाजूंना जीवच होते. कोठे, किती, कोणता दाणा घालावा, जागा स्वच्छ कोण ठेवील, कोणाला त्रास तर होत नाही ना, हे प्रश्न विचारल्याने दया उणावत नाही. ती निर्दोष होते.

मूठभर दाणे टाकण्यास क्षणच पुरतो. पात्र धुण्यास, पाहण्यास, वेळी थांबण्यास मात्र सवड काढावी लागते. ती सवड हेच खरे दान होय. नव्या पिढीच्या हाती दाण्यांच्या मुठीसोबत ही सावधताही द्यावी, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.