वावडे शोधण्याचे पथ्य
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी गोडधोडाचे बोलायचे सोडून ही बाई पथ्याचे काय घेऊन बसली, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु अलीकडे आपल्यातल्या चारपाच जणींनी मला एकच प्रश्न विचारला: "डॉक्टरांनी दूध, गहू, शेंगदाणे सगळेच बंद करायला सांगितले. आता चुलीवर ठेवू तरी काय?" म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आपल्या भाषेत 'वावडे' हा फार सोयीचा शब्द आहे. पण त्यात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. एखाद्याला कारले आवडत नाही, तेही वावडे. दुसऱ्याला दूध प्याले की पोट फुगते, पण दही-ताक चालते. हे बहुधा दुधातली साखर न पचण्याचे लक्षण. तिसऱ्याला मात्र एखादा पदार्थ चिमूटभर पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. ही खरी ॲलर्जी. हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के नावाच्या डॉक्टरांनी १९०६ साली योजला. शरीराचे रक्षण करणारी व्यवस्था निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, असा याचा अर्थ. तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून आधी नेमके काय आहे ते ओळखले पाहिजे.

ओळखण्याची एक रीत म्हणजे हे पथ्य. घरातला फ्यूज वारंवार उडू लागला की आपण सारी बटणे बंद करतो आणि मग एकेक चालू करून पाहतो, तसेच हे. डॉक्टरांनी संशय घेतलेले पदार्थ साधारण दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवायचे. त्रास थांबला, तर एका वेळी एकच पदार्थ थोडा थोडा परत घ्यायचा, तीनचार दिवस वाट पाहायची आणि मग दुसऱ्याकडे वळायचे. त्रास थांबलाच नाही, तर अन्नावरचा आळ बहुधा खोटा. अमेरिकेत डॉ. अल्बर्ट रो यांनी गेल्या शतकात या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. आपल्या आयुर्वेदातही रोग ओळखण्याच्या पाच साधनांत 'उपशय' सांगितला आहे. औषध वा आहार देऊन काय मानवते आणि काय मानवत नाही ते पाहायचे, हेच त्याचे सूत्र.

सांगायला हे सोपे आहे. कठीण पडते ते स्वयंपाकघरात. शेंगदाणे बंद म्हणजे नुसते खारे दाणे बंद नव्हेत. भाजीतले कूट गेले, चटणी गेली, चिक्की गेली, एकादशीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा गेली. गहू बंद केला, तरी डब्यातल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तांदूळ गिरणीत नेले आणि आपल्या आधी कोणाचे गहू दळले गेले असले, तर भाकरीत गहू आलाच. हरभऱ्याचे वावडेही आपल्या देशात आढळते. मग भजी, पिठले आणि थालीपिठाची भाजणी यांवर नजर ठेवावी लागते. बाजारच्या बंद पुड्यावर गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादींचा निर्देश असावा, असा नियम २०२० साली झाला. तेव्हा पुडा उलटून वाचायची सवय लावून घ्यावी. सुट्या मालाला मात्र आपली चौकशी हाच एक आधार.

सुदैवाने आपला मुरबाड तालुका भाताचा. तांदळाची भाकरी, नाचणी, वरी, मुगाचे वरण, दुधी, भोपळा, पालेभाज्या एवढ्यावर घर चांगले चालते. डॉक्टरांनी जे चालेल म्हणून सांगितले असेल, त्याचीच एक यादी करून फडताळाच्या दारावर लावावी. काय नाही याचाच घोष केला की माणूस हिरमुसतो.

आमच्या सूनबाईंच्या अंगाला सतत खाज येई आणि पोटात मुरडा उठे. घरात कोणी वांग्यावर ठपका ठेवी, कोणी बोंबलांवर. कल्याणच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवडे पथ्य झाले. रोज काय खाल्ले आणि काय झाले, ते वहीत लिहिले. त्रास थांबल्यावर एकेक पदार्थ परत आला. वांगे निर्दोष ठरले, बोंबीलही निर्दोष ठरले. दोष निघाला सुकटीचा. सुकट म्हणजे बारीक कोळंबी. ती आणि मासे यांची जात वेगळी, हे तेव्हा कळले. ती शेवटची परीक्षा डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातच, डोळ्यांसमोर घेतली. आता सुकट तेवढी बंद. बोंबील मात्र सुकटीच्या शेजारी पसरलेले नसतील तिथूनच आणतो. एवढे जपले की बाकी ताट भरलेले असते.

यात खरी कसोटी घरच्यांची लागते. "एक घास खाल्ल्याने काय होते?" हा आग्रह प्रेमाचाच असतो, पण त्या एका घासाने पंधरा दिवसांचे पथ्य फुकट जाते. तीर्थ-प्रसादाला, हळदीकुंकवाला, म्हशाच्या यात्रेत कोणी "नको" म्हटले तर तिला नखरेल म्हणू नये. सासूबाईंनी एकदा "ती हे खात नाही" असे पाहुण्यांना सांगितले, की सुनेचे निम्मे ओझे उतरते.

आता चार गोष्टी बजावून सांगते. पहिली, वाढत्या मुलांचे आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईचे अन्न आपल्या मनाने तोडू नये. दूध, अंडी, डाळी एकदम काढल्या की मूल खंगते. त्यांच्या जागी काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दुसरी, ज्या पदार्थाने कधी ओठ-घसा सुजला, दम लागला किंवा भोवळ आली, तो घरी पुन्हा मुळीच करून पाहू नये. असे झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ वर फोन करावा. ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन हाच त्यावरचा पहिला उपचार. आणि पाड्यावरून रुग्णालय गाठायला वेळ लागतो, हे आपण जाणतोच. तिसरी, गव्हाबद्दल संशय असेल तर गहू बंद करण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. आधीच बंद केला तर तपासणीत दोष लपून राहतो. चौथी गोष्ट बहुतेक जणी विसरतात: हे पथ्य कायमचे नव्हे. जे निर्दोष ठरले ते ताटात परत आलेच पाहिजे. लहान मुलांचे दुधाचे किंवा अंड्याचे वावडे पुष्कळदा वयाबरोबर जाते. म्हणून अधूनमधून डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घ्यावे.

उपासतापास आपल्याला नवे नाहीत. तोच नेम आणि तीच चिकाटी इथे कामी येते; फक्त आपण नेम करतो तो खरे कारण कळावे म्हणून. ज्या घरात असे पथ्य चालू असेल, तिथे शेजारणीने एक दिवस तांदळाच्या भाकरी थापून पाठवल्या, तर मंडळाचे कार्य घरोघर पोहोचले असे मी म्हणेन.