अनुकरणाकडून उमजण्याकडे : बालप्रतिभेचा प्रवास

सात-आठ वर्षांचे मूल प्रौढ कलावंताच्या तोडीचे गाऊ किंवा वाजवू लागते, तेव्हा त्याच्या अंगच्या गुणाला बालप्रतिभा म्हणतात. परंतु या एका शब्दात दोन निराळ्या शक्ती झाकल्या जातात. ऐकलेले हुबेहूब टिपून पुन्हा उभे करणारी ती ग्रहणशक्ती, आणि ऐकलेल्यातून स्वतःचे काही घडवणारी ती निर्मितिशक्ती. पहिली बालपणीच लख्ख दिसते, तर दुसरीला वय, अनुभव आणि बऱ्याचदा एकांत लागतो. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी, शिरूर-दौंडच्या गावोगावी, सप्ताहात पेटीवर बोटे फिरवणाऱ्या किंवा कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या मुलाचे कौतुक होते, तेव्हा ते यांपैकी कोणत्या शक्तीचे असते, हा विचार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

युरोपात बालप्रतिभेचे दर्शन बहुधा पियानोवर घडले, याला त्या वाद्याची रचनाही कारणीभूत आहे. पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी आधीच सुरात लावलेल्या तारेवर आघात करते. त्यामुळे स्वर आयता मिळतो आणि बोटांची चपळाई व स्मरणशक्ती असलेले मूल लवकर पुढे जाते. १८७६ मध्ये क्राको येथे जन्मलेल्या जोसेफ हॉफमन याने १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये पियानो वाजवला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्यानंतर मैफलींचा असा सपाटा सुरू झाला की मुलांवरील क्रौर्याला आळा घालणाऱ्या तेथील संस्थेने हरकत घेतली. अखेर आल्फ्रेड कॉर्निंग क्लार्क या धनिकाने ५०,००० डॉलर देऊ केले आणि अठरा वर्षांचा होईपर्यंत मुलाने जाहीर मैफल करू नये, अशी अट घातली. या अवधीत हॉफमनला अंतोन रुबिनस्टाइन हे गुरू लाभले. शिष्याने नक्कल करू नये, तर रचनेचा अर्थ स्वतः शोधावा, असा या गुरूंचा आग्रह असे. १८९४ मध्ये हॉफमन पुन्हा मंचावर आला, तो विचार करणारा वादक म्हणून.

मराठी रसिकांच्या परिचयाचे, याच्याशी सर्वांत जवळचे उदाहरण कुमार गंधर्वांचे आहे. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली बालवयातच नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या बारकाव्यांसह गाऊन दाखवत, आणि ‘कुमार गंधर्व’ ही उपाधीही त्यांना त्याच वयात मिळाली. गळ्याला पियानोसारखी आयती पट्टी नसते, प्रत्येक स्वर गायकालाच घडवावा लागतो. त्यामुळे ही ग्रहणशक्ती अधिकच विलक्षण होती. १९३६ मध्ये ते मुंबईला प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिकू लागले. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य असले तरी त्यांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांचा राबता असे. घराणे म्हणजे गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेली गाण्याची विशिष्ट रीत. अनेक रीती शेजारीशेजारी ऐकायला मिळाल्यामुळे ‘असे कसे गातात?’ या प्रश्नाची जागा ‘असे का गातात?’ या प्रश्नाने घेतली.

हॉफमनला विराम मिळाला तो एका धनिकाच्या अटीमुळे; कुमार गंधर्वांवर तो दैवाने लादला. क्षयरोग झाल्यामुळे कोरड्या हवेसाठी ते जानेवारी १९४८ मध्ये माळव्यातील देवास येथे गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. अंथरुणावरून कानी पडणारी माळव्याची लोकगीते त्यांनी या काळात मनात साठवली आणि मोजक्या स्वरांच्या धुनेतच रागाचे बीज असते, या निष्कर्षाप्रत ते आले. अशा धुनांतून त्यांनी रचलेल्या रागांना ‘धुनउगम राग’ म्हणतात. त्यांच्या गायकीतील तुटक, तीव्र स्वरवाक्यांचा संबंध निकामी झालेल्या फुप्फुसाशी जोडण्याची प्रथा आहे, परंतु आजार फार तर श्वास आखडतो, दृष्टी देत नाही. ती त्या सक्तीच्या श्रवणातून आली. १९५३ च्या सुमारास ते मंचावर परतले, आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या पदरचना, प्रसिद्ध झाल्या.

विराम मिळाला की कलावंत घडतोच, असे मात्र नाही. हॉफमनच्या वादनाला उत्तरायुष्यात मद्यपानाने उतरती कळा लागली. विराम केवळ जागा मोकळी करतो, ती कशाने भरायची हे कलावंतावर आणि त्याच्या गुरूवर अवलंबून असते. कुमार गंधर्वांनी ती कशाने भरली, याची खूण त्यांच्या एका कार्यक्रमाच्या नावात सापडते. गायक-नट बालगंधर्वांची नाट्यपदे सादर करताना त्यांनी त्या कार्यक्रमाला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. ध्वनिमुद्रिकेची हुबेहूब प्रत काढणाऱ्या मुलाला ‘उमजलेले’ या शब्दाची गरज नव्हती. तो शब्द वापरण्याचा अधिकार त्यांनी मधल्या वर्षांत कमावला. सप्ताहातल्या मुलाच्या हाती टाळ्यांसोबत अशी थोडी वर्षेही देता येतील काय, हा प्रश्न त्या मुलापेक्षा टाळ्या वाजवणाऱ्या गावाला अधिक लागू आहे.