दोन दीनार आणि उरलेला खर्च

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर अहिल्यानगर येथे केलेले भाषण)



आज आपण वेदीपुढे बाजरी, तांदूळ, भोपळे, कोंबड्या आणल्या. थोड्या वेळाने त्यांचा लिलाव होईल. त्याआधी मला अकोले तालुक्यातल्या एका वाडीतल्या दोन घरांविषयी सांगायचे आहे.

दोघे सख्खे भाऊ. मधली भिंत एकच. दोघांकडे सारखीच भातखाचरे, एकेक बैलजोडी. भात निघाले की दोघेही नारायणगावकडे मजुरीला जायचे. दोघेही निर्व्यसनी. कोण जास्त कष्टाळू, हे मला अजून सांगता येणार नाही.

आवणीच्या दिवसांत एका रात्री धाकट्याच्या बायकोला मण्यार चावली. ती जमिनीवर झोपली होती. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून आधी कोणाच्या लक्षातच आले नाही. पहाटे तिच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. भगताकडे दोन तास गेले. मग जीप करून तिला शहरातल्या खासगी दवाखान्यात नेले. श्वासाचे यंत्र लावावे लागले. बाई वाचली, देवाची स्तुती असो! पण बिल झाले ६८ हजार. योजनेतून खर्च भागला असता, पण रेशनकार्डात तिचे नावच नव्हते. लग्नाला सोळा वर्षे झाली, तरी नाव माहेरच्या कार्डावर.

बैलजोडी ३० हजारांना गेली. चांदी आणि शेळ्यांचे १३ हजार आले. राहिले २५ हजार.

इथे मला माझी चूक कबूल करायची आहे. त्या शनिवारी त्याने मला फोन केला. मी म्हणालो, “दादा, सोमवारी समितीची बैठक आहे, तिथे विषय ठेवतो.” सोमवारी बैठक झाली, मदतही मंजूर झाली. पण रविवारीच त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती. उचलीच्या बदल्यात कामाला दोन माणसे लागणार होती. आईच्या अंगात ताकद नव्हती. म्हणून आश्रमशाळेत नववीला असलेली मुलगी बापाबरोबर टोमॅटो तोडायला गेली.

थोरल्याची मुलगी त्याच वर्गात होती. ती पुढे शिकते आहे. दोन घरांत फरक एका सापाचा.

वाडीतले लोक म्हणाले, देवाचा कोप झाला. आपण शहरातले तसे म्हणत नाही. आपण म्हणतो, “ही माणसे बचत करत नाहीत.” पण दोन्हींमागचा प्रश्न एकच आहे: यात दोष कोणाचा? जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हाही लोकांच्या मनात तोच होता. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. उपदेशकही नवव्या अध्यायात म्हणतो की वेळ आणि प्रसंग सर्वांनाच गाठतात.

अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकांनी राजस्थान, गुजरातपासून केनिया, पेरूपर्यंत हजारो कुटुंबांचा अभ्यास केला. बरी चाललेली घरे गरिबीत का घसरली, याचे सर्वांत मोठे कारण त्यांना आजारपण आणि त्याचा खर्च हेच आढळले. बचत चांगलीच, पण दीड एकर भातावर ६८ हजारांची बचत होत नाही.

माझ्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा माझ्याकडेही पैसे नव्हते. पण माझा पगार चालू होता, आणि रात्री अकराला फोन केला तर पैसे देतील असे चार मित्र होते. तेही नशीबच म्हणायचे. धाकट्याकडे एकच नंबर होता, माझा.

मग करायचे काय? पहिले काम कागदांचे, आणि ते आजार येण्याआधी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण दारात पाय ठेवताना रेशनकार्ड आणि आधार लागते. आमचे कार्यकर्ते आता वाडीवाडीत जाऊन सुनांची नावे कार्डावर चढवून घेत आहेत.

दुसरे, माहिती. १०८ ची गाडी फुकट येते. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य आहेत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आपल्यापैकी कोणी दवाखान्यात नोकरीला असाल, तर हे रुग्णाला आपणहून सांगा.

तिसरे, बुडालेली मजुरी, सोबत्याचे जेवण, परतीची गाडी. हे कोणत्याच योजनेत बसत नाही, आणि माणूस उचल घेतो तो बहुधा इथेच. त्यासाठी लहानसा तातडीचा निधी हवा. त्यातून दहा हजारांपर्यंत रक्कम एका कार्यकर्त्याने त्याच रात्री द्यावी, हिशेब समितीला नंतर द्यावा.

यरीहोच्या वाटेवरच्या शोमरोन्याने असेच केले. उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार तिथल्या तिथे दिले, आणि जास्त लागले तर परत येताना फेडीन म्हणाला. बिल किती होणार, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने सोमवारची वाट पाहिली नाही.

ती मुलगी मला गेल्या महिन्यात भेटली. उचल फिटली की १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे म्हणते. अजून नऊ हजार बाकी आहेत. आता लिलाव सुरू होईल. बोली लावताना तिची आठवण ठेवा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.