दारिद्र्याचें माप
(महोत्सवाच्या सभेंत आमच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील वर्षांचा हिशेब मांडण्याची रीत आहे. मंदिर केव्हां बांधलें, बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, हें या पुस्तिकेंत इतरत्र आपण वाचालच. आम्ही आज निराळ्याच एका हिशेबाविषयीं चार शब्द बोलणार आहों. गरीब कोणास म्हणावें, आणि तो किती गरीब आहे हें ठरवावें कसें?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं साहाय्यनिधीची यादी करतांना आम्हीं मासिक मिळकतीची एक मर्यादा ठरविली. एका विधवा भगिनीची मिळकत त्या मर्यादेहून थोड्याच रुपयांनीं अधिक भरली, आणि तिचें नांव आम्हीं आपल्या हातानें खोडलें. तिचा मुलगा अंथरुणास खिळलेला होता व निम्मी मिळकत औषधांत जात होती, हें आम्हांस मागाहून कळलें. आमची बेरीज बिनचूक होती. न्याय मात्र चुकला.

हीच अडचण थोर अर्थशास्त्रज्ञांपुढेंही उभी राहिली आहे. दादाभाई नौरोजी यांनीं १८७६ सालीं मुंबईंत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. ब्रिटिश हिंदुस्थानांतील माणशीं वार्षिक उत्पन्न त्यांनीं सुमारें २० रुपये धरलें आणि तें तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशीं ताडून पाहिलें. कैद्यास जेवढें मिळतें तेवढेंही निरपराध रयतेच्या वांट्यास येत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें.

पुढें १९७१ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ या दोघां विद्वानांनीं हाच प्रश्न पोटापासून मोजला. रोज २२५० कॅलरींचा आहार मिळावयास किती खर्च करावा लागतो, हें त्यांनीं पाहिलें. १९६०-६१ च्या भावानें खेड्यांत माणशीं महिना १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये, ही त्यांची रेषा होय. खेड्यांतील शेंकडा सुमारें ४० आणि शहरांतील शेंकडा सुमारें ५० लोक तिच्याखालीं आढळले.

परंतु मनुष्य केवळ उष्णांकांवर जगत नाहीं. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनें २००९ सालीं उष्णांकांचा आधार सोडून शिक्षण व औषधपाणी यांवरील खर्चही हिशेबांत घेतला. त्या रीतीप्रमाणें २०११-१२ सालीं महाराष्ट्राच्या खेड्यांत माणशीं महिना ९६७ रुपये व शहरांत ११२६ रुपये ही रेषा ठरली, आणि राज्यांतील शेंकडा सुमारें १७ लोक तिच्याखालीं गणले गेले. आमच्या यादीप्रमाणेंच येथेंही एक रुपया अधिक असणारा पलीकडे गेला.

रेषेचा दुसरा दोष अमर्त्य सेन यांनीं १९७६ सालीं दाखविला. समजा, रेषा १००० रुपयांची आहे. एका घरीं माणशीं ९५० रुपये येतात, दुसऱ्या घरीं ४००. मोजणाऱ्याच्या वहींत दोघांची नोंद सारखीच. पहिल्यास ५० रुपये दिले कीं गरिबांची संख्या घटते. दुसऱ्यास ५०० दिले तरी ती तेवढीच राहते. म्हणून केवळ डोकीं मोजणाऱ्याचे पाय सहजच पहिल्या घराकडे वळतात. किती लोक खालीं आहेत, एवढेंच नव्हे, तर किती खोल आहेत, हेंही विचारलें पाहिजे.

तिसरी रीत अलीकडील आहे. पैसे न मोजतां उणीवच मोजावयाची. नीति आयोगानें पोषण, शाळा, पाणी, संडास, इंधन, घर अशा १२ खुणा घेतल्या. त्यांवरून महाराष्ट्रांतील गरिबांचें प्रमाण २०१५-१६ सालीं शेंकडा १४.८० होतें, तें २०१९-२१ मध्यें ७.८१ वर आलें. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि सरासरीच्या पांघरुणाखालीं बरेंच झांकलें जातें. आपल्याच नाशिक जिल्ह्यांत निफाड-दिंडोरीचे द्राक्षमळे आहेत, आणि त्या मळ्यांत मजुरीस येणारे पेठ-सुरगाण्याचे आदिवासी बंधुही आहेत. दोघांची सरासरी काढली तर ती दोघांपैकीं कोणाचीच नसते.

आणि मोजमापाविणेंही गरीब ओळखतां येतो, हेंही महाराष्ट्रानेंच दाखविलें. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळांत राज्यभर गेली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिनें कोणाच्या दारिद्र्याचा दाखला मागितला नाहीं. जो उन्हांत माती उचलावयास तयार, त्यास काम. परंतु अंथरुणास खिळलेल्यानें घमेलें कसें उचलावें? म्हणजे तेंही माप सर्वांस पुरत नाहीं.

प्रत्येक माप आपणास विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देतें. माप टाकून देणें हा त्यावर उपाय नव्हे. यादी नसेल तेथें ओळखीच्या व वशिल्याच्या माणसांसच साहाय्य मिळतें. प्रभूनेंही मंदिरांत दानपेटीसमोर बसून मोजमाप केलें होतें. धनवानांनीं किती टाकलें हें सर्वांस दिसत होतें. विधवेच्या दोन नाण्यांनंतर तिच्याजवळ कांहींच उरलें नाहीं, हें त्यानें पाहिलें.

यास्तव या महोत्सवी वर्षीं आमची अशी विनंती आहे कीं, साहाय्यनिधीच्या यादींत मिळकतीच्या रकान्यापुढें आणखी तीन रकाने असावेत: औषध व कर्ज वजा जातां काय उरतें, घरांत कशाची उणीव आहे, आणि घरीं स्वतः जाऊन कोणीं पाहिलें. या तिसऱ्या रकान्यांत कोणाचें तरी नांव असल्यावांचून कोणतेंही नांव खोडलें जाऊं नये.

त्या भगिनीचें नांव दुसऱ्या वर्षीं आम्हीं यादींत घातलें. परंतु मध्यें गेलेला तो एक पावसाळा तिला परत देणें आमच्या हातीं नव्हतें. असा पावसाळा या धर्मग्रामांत पुन्हा कोणाच्या वांट्यास न येवो, हीच आमची प्रार्थना. प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.