तीन नंबरचा बावटा



ज्या आकाशवाणीवरून मी आज बोलतो आहे, तिच्यावर एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मुंबईच्या घरात ते भाजी चिरता चिरता कानावरून जातं. पालघरच्या किनाऱ्यावर, केळव्याला, दांड्याला, सातपाटीला, त्या वाक्यावर आठवड्याचा हिशेब ठरतो. पण जाऊ नये, हे झालं घरी असलेल्यांचं. जो आधीच बाहेर आहे, त्यानं कुठे यायचं आणि कधी यायचं, त्याबद्दल आज थोडं बोलतो.

केळवे बहुतेकांना ठाऊक आहे ते सुट्टीचं. सुरूचं बन, शीतलादेवीचं देऊळ, पानमळे, संध्याकाळची परतीची गाडी. बोटवाल्याच्या नजरेनं मात्र हा किनारा मोठा अवघड. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली असते; तिच्या आड गेलं की पाणी निवतं. आमच्याकडे सोंड नाही. पश्चिमेकडे उघडा पडलेला सपाट किनारा, मध्ये खडपं, आणि ओहोटीला पाणी पार लांब जातं. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांच्या काळचा पाणकोट आहे. भरतीला तो पाण्यात उभा असतो आणि ओहोटीला पर्यटक चपला हातात घेऊन तिथवर चालत जातात. आता जिथे माणूस चालत जातो, तिथून बोट कशी आत येणार?

म्हणजे या पट्ट्यात आसरा आहे तो खाड्यांचा, आणि खाडी दिवसातून दोनदाच उघडते. सातपाटीसारखं मोठं बंदर घ्या. सरंग्यासाठी, म्हणजे तुमच्या पापलेटसाठी, नाव असलेलं गाव. पण खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो आणि भरलेल्या बोटीला भरतीची वाट पाहत बाहेर थांबावं लागतं. हवा चांगली असेल तर त्यात विशेष काही नाही. खलाशी चहा करतात, जाळी नीट लावून घेतात. हवा बिघडत असेल तर ते चार-पाच तास फार लांब होतात.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब कोकणात पुष्कळांना येतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. आता मोबाइलवर मिनिटासकट वेळ मिळते, तरी जुने तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, आधी तिथी विचारतात, कारण तिथीवरून वेळेबरोबर पाण्याची उंचीही कळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी भरपूर, पण वादळाची लाट त्यावर स्वार झाली तर ते वाडीत शिरतं. सप्तमी-अष्टमीला भांग. पाणी चढतं, पण जेमतेम. आणि जड बोट तोंडाशीच टेकते. तेच वादळ, तोच वारा, पण पंचांगातल्या तिथीप्रमाणे त्याचा धोका बदलतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ही न समजल्यामुळे शहरी माणूस म्हणतो, ‘काय हो, समुद्र तर शांत दिसतोय, उगाच घाबरवतात.’ अरबी समुद्रातल्या चक्रीवादळात वारा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. वादळाचं केंद्र आपल्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला असतं तेव्हा आपल्याकडे वारा येतो पूर्वेकडून, जमिनीवरून. जमिनीवरचा वारा किनाऱ्याजवळच्या लाटा दाबून टाकतो. पाणी तळ्यासारखं दिसतं. केंद्र उत्तरेकडे सरकलं की वारा फिरून दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा होतो आणि उघडा समुद्र सरळ अंगावर येतो. तेव्हा खाडीच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत लाट फुटत असते. आत यायचा निर्णय शांत पाण्यातच घ्यावा लागतो, आणि शांत पाण्यात जाळं ओढून परत फिरणं कुणाच्याही जिवावर येतं.

दांड्याच्या खाडीत एका ऑक्टोबरात मी अशी एक रात्र बोटीवर काढली. बंदरावर तीन नंबर लागला होता. आपल्याकडे बंदरांचे अकरा इशारे आहेत. एक आणि दोन दूरच्या समुद्रातल्या वादळाचे, तीनपासून खुद्द बंदराला धोका. तिथी सप्तमी, सव्वापाचची भरती. भांगेचं पाणी, त्यामुळे फार वर जाता आलं नाही. पाणी उतरायला लागलं तसे तांडेल म्हणाले, ‘बर्फाच्या पेट्या जमिनीच्या अंगाला घ्या रे. मास्तर, तुम्हीपण हात लावा.’ मला वाटलं, आवराआवर चालली आहे. मग कळलं. पाणी गेल्यावर बोट चिखलात बसते आणि एका कुशीला कलते. काठाकडे कलली तर ठीक. खाडीच्या मधल्या उताराकडे कलली, तर पुढची भरती बोट उचलायच्या आधी तिच्या काठावरून आत शिरते. म्हणून पेट्या, डिझेलचे कॅन, ओलं जाळं, सगळं वजन काठाकडे. दोर जिथे लाकडावर घासत होता तिथे जुनं पोतं गुंडाळलं. शेजारच्या बोटीशी मध्ये टायर. मध्यरात्रीनंतर पाणी चढू लागलं आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी उठून दोर सैल करत राहिला. आसरा मिळाला म्हणजे झोप मिळते, असं काही नाही.

त्या वेळी वादळ ओमानकडे गेलं. सकाळी लख्ख ऊन. बर्फ निम्मा वितळलेला, मासळीचा भाव पडलेला, आणि खलाशांची तोंडं उतरलेली. अशा दिवसाला लोक फुकट गेलेला दिवस म्हणतात. मला ते पटत नाही, पण पैसे माझे गेले नव्हते.

डिसेंबर २०१७ मधलं ओखी वादळ तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबरच्या शेवटी कन्याकुमारीजवळ उठलं आणि केरळ-तमिळनाडूच्या शेकडो बोटी समुद्रात असताना त्यांच्यावर आलं. त्यांतल्या ६८ बोटी, ९५२ माणसं घेऊन, सिंधुदुर्गात देवगडला पोहोचल्या. ६६ केरळच्या, दोन तमिळनाडूच्या. खोल समुद्रात गेलेल्यांपर्यंत इशारा वेळेत पोहोचलाच नाही, ही तेव्हाची मोठी तक्रार होती, आणि त्यानंतर उपग्रहावरून बोटींना संदेश देण्याच्या यंत्रणेला जोर आला. पण देवगडचं बंदर डोंगराच्या कुशीत आहे. हीच ६८ बोटींची रांग भांगेच्या ओहोटीला केळव्यासमोर आली असती तर? आम्ही किनाऱ्यावरून हात हलवत राहिलो असतो.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानं तर मोठी जहाजंही सोडली नाहीत. मुंबईसमोरच्या तेलक्षेत्राजवळ नांगर सुटून भरकटलेली पी-३०५ ही बार्ज १७ मेला बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती, त्यांतली कित्येक परतली नाहीत. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ नावाची दुसरी बार्ज वाहत वाहत आमच्या शेजारी वडराईसमोरच्या खडकांत येऊन रुतली. तिच्यावरच्या १३७ जणांना सुखरूप काढण्यात आलं. नंतर कितीतरी दिवस ती तिथेच दिसत होती, आणि तिच्यातलं डिझेल किनाऱ्यावर येईल म्हणून गावं धास्तावलेली.

पावसाळ्यातली बंदी लोकांना त्या मानानं सोपी जाते. १ जून ते ३१ जुलै सगळ्याच यांत्रिक बोटींना थांबायचं असतं, बोटी वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, कुणी कुणाच्या पुढे जात नाही. वादळाच्या इशाऱ्यात तसं नसतं. तुम्ही थांबता, शेजारचा जातो, आणि वादळ वळून गेलं की तो सरंगा भरून येतो. पुढच्या इशाऱ्याला तुमच्याच घरचे तुम्हाला विचारतात. एकट्यानं थांबणं जड जातं, आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी खलाशाला कुणी देत नाही. ती द्यायची सोय झाली तर आकाशवाणीच्या त्या वाक्याला दुप्पट वजन येईल, असं मला वाटतं.

आता आमच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात वाढवणला, ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाचं बंदर येतं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि त्याची कारणं हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. तिथे जगातली मोठ्यात मोठी जहाजं लागतील म्हणतात, कारण नैसर्गिक खोली वीस मीटरच्या आसपास आहे. लाटा अडवायला दहा किलोमीटरची भिंत होणार आहे. तीन नंबर लागल्यावर, अष्टमीच्या ओहोटीला, त्या भिंतीच्या आड दांड्याच्या नि सातपाटीच्या बोटींना येऊ देणार की नाही, काम चालू आहे तोवरच हे कागदावर लिहून घ्यायला हवं. आणि तोवर सातपाटीचा गाळ काढा, तेवढं तरी करा.